नार्वे, नॉर्वे आणि कुत्र्यांची गाडी
(महोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



युरोपचा नकाशा भिंतीवर टांगला की आपल्या गावच्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. नकाशाच्या वरच्या टोकाला, वाघाने पंजा मारून ओरबाडल्यासारखा किनारा असलेला जो देश आहे, त्याचे नाव वाचून एखादा मुलगा उठतो आणि विचारतो, "सर, हे आपले नार्वे काय?" जुन्या मराठी पुस्तकांत त्या देशाचे नाव 'नार्वे' असेही छापलेले आढळते, तेव्हा पोराला हसण्यात अर्थ नाही. मी त्याला सांगतो, बाबा रे, गावांच्या नावांना पाय असतात. आपलेच पाहा ना. मूळ नार्वे पलीकडे दिवाडी बेटावर. तेथील सप्तकोटेश्वराचे देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमदानीत मोडले गेले, देव नदी उतरून अलीकडे आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देवालय नव्याने बांधविले. देवाबरोबर नावही मांडवी ओलांडून आले. त्या काळी फेरीबोट नव्हती, तरी आले. जे नाव नदी ओलांडते ते समुद्र ओलांडून उत्तर ध्रुवाशेजारी जाऊन बसले, असे एखाद्या मुलाला वाटले तर त्यात नवल ते काय?

आज मी त्या दुसऱ्या नार्वेविषयी, आणि तेथे बर्फावर कुत्री जुंपून ज्या शर्यती लावतात त्यांच्याविषयी बोलणार आहे. हा विषय मी उगीच निवडलेला नाही. महोत्सवी वर्षाच्या समारोपाला काय करावे याविषयी आपल्या तरुण मंडळींनी एक सूचना केली आहे, ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. भाताची कापणी उरकली की मोकळ्या शेतात बैलगाड्यांची शर्यत घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. विश्वस्तांपैकी काहींना ही कल्पना पसंत आहे, काहींना बिलकूल नाही. दोन्ही बाजूंची माणसे स्वतंत्रपणे माझ्या घरी आली आणि म्हणाली, "मास्तर, यावर तुम्ही बोला." मी आपलीच बाजू मांडीन अशी दोघांचीही खात्री होती! तेव्हा मी ठरवले की घरच्या बैलांविषयी बोलण्याआधी परक्यांच्या कुत्र्यांविषयी बोलावे. दूरची गोष्ट माणूस शांतपणे ऐकतो.

मी कुत्र्यांवर व्याख्यान देणार हे कळल्यावर आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना हसू आले. आम्हां मुसलमानांच्या घरात कुत्रे उंबऱ्याच्या आत येत नाही, हे शेजारीपाजारी जाणतात. परंतु उंबऱ्यावर त्याला मोठा मान आहे. गुहेत निजलेल्या सत्पुरुषांची जी कथा कुराणात आहे, तिच्यात त्यांचे कुत्रे पुढचे पाय पसरून दाराशी बसलेले आहे. ते काही विसरले गेले नाही. असो. राहिले बर्फ. ते मी आजवर मासळीच्या पेटीत जेवढे पाहिले तेवढेच. तेव्हा पुढचे सगळे वाचनाच्या आधाराने सांगतो आहे, असे समजावे.

आता ही गाडी कशी असते ते आधी पाहू. तिला चाके नाहीत. लाकडाच्या दोन लांब धावा, त्यांवर हलका सांगाडा, आणि मागे धरायला एक कमान. हाकणारा गाडीत बसत नाही. तो मागे, धावांच्या शेपटावर उभा राहतो. पुढे एक लांब दोर, आणि त्या दोराला दोन्ही अंगांना जोडीजोडीने कुत्री. सर्वांत पुढची जोडी म्हाताऱ्या पाटलासारखी शहाणी असावी लागते, कारण वाट तीच शोधते. तिच्या मागची जोडी वळणावर दोर सांभाळते, मधली नुसती ओढतात, आणि गाडीच्या लगतची जोडी अंगाने दांडगी घेतात, कारण गाडीचा हिसका प्रथम तिला बसतो.

आणि लगाम? लगाम नाही. कासरा नाही, वेसण नाही, चाबूकही आजच्या शर्यतींत नाही. वीस-पंचवीस किलो वजनाची दहा-बारा कुत्री, आणि हाकणाऱ्याच्या हातात त्यांना वळवायला काहीही नाही. तो फक्त बोलतो. अमेरिकेकडचे गाडीवान उजवीकडे वळायला 'जी' म्हणतात, डावीकडे 'हॉ' म्हणतात. पुढच्या जोडीने ऐकले तर गाडी वळली, न ऐकले तर नाही. वर्गात चाळीस मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला ही व्यवस्था ऐकूनच घाम फुटतो.

अशा शर्यतींत भाग घेणारे सगळेच काही पट्टीचे गाडीवान नसतात. हजार किलोमीटरच्या मोठ्या शर्यती असतात तशा हौशी माणसांसाठी थोड्या अंतराच्या, चार-सहा कुत्र्यांच्या गाड्यांच्याही असतात. कारकून, शिक्षक, दुकानदार, शाळेतली मुलेसुद्धा त्यांत उतरतात. समजा, आपल्यापैकी एखादा तेथे गेला आणि त्याने नाव नोंदवले. पहिली गोष्ट त्याला दिसेल ती ही की, माणसाची तपासणी होवो न होवो, कुत्र्यांची होते. पशुवैद्य येऊन सांधे, नाडी, पंजे पाहतो. मग पंज्यांना एकेक करून कापडी मोजे घालावे लागतात. सहा कुत्र्यांचे चोवीस पंजे, आणि तेही बोटे बधिर करणाऱ्या थंडीत. मोजे नसतील तर खरखरीत बर्फाने तळवे सोलवटतात.

मग सुरुवातीची रेघ. तेथला कोलाहल, म्हणतात, विलक्षण असतो. कुत्री किंचाळतात, उड्या मारतात, दोराला हिसके देतात. गाडी लोखंडी आकड्याने बर्फात गाडून ठेवलेली असते. शिवाय ती धरायला माणसे लागतात. आकडा निघाला की एका क्षणात सगळा आवाज बंद. नुसता धावांचा सरसर आवाज आणि कुत्र्यांचा श्वास. नवख्याला पहिला धडा एकच शिकवतात: पडलास तरी गाडी सोडू नकोस. कारण कुत्री थांबत नाहीत. मालक मागे पडला आहे हे त्यांच्या लक्षात येते, पण त्यांना त्याचे विशेष वाटत नाही! चढ आला की उतरून गाडी ढकलावी लागते. नुसता उभा राहिलास तर मागची जोडी वळून पाहते. मला हे वाचताना फार आवडले. ओझे कोण ओढतो आहे आणि कोण नुसता वाहिला जातो आहे, हे त्या जनावरांना समजते.

मुक्कामाला पोहोचल्यावर हाकणारा स्वतः जेवत नाही. आधी गवत पसरायचे, बर्फ वितळवून पाणी करायचे, मांस घालून पेज द्यायची, मोजे काढून पंजे पाहायचे, मग उरला वेळ तर आपली शिदोरी सोडायची. लांब शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला दहा हजार उष्मांकांच्या आसपास अन्न लागते, म्हणजे आपल्या चार माणसांचे. थकलेले किंवा लंगडणारे कुत्रे गाडीत निजवून पुढच्या ठाण्यावर आणतात आणि पशुवैद्याच्या हवाली करतात. तेवढे कुत्रे कमी झाले म्हणून शर्यत बाद होत नाही. उलट ते लपवले तर होते. सक्तीची विश्रांती नियमातच असते.

आणखी एक गोष्ट आपल्याला विचित्र वाटेल. थंडी वाढली की ही कुत्री खुलतात. उणे दहा-पंधरा अंश त्यांना मानवते. शून्याच्या जवळ ऊन आले की ती तापतात, आणि मग हाकणाऱ्यालाच वेग कमी करावा लागतो. जनावराची प्रकृती ज्या हवेसाठी घडली त्याच हवेत त्याला धावू द्यावे, हे त्या लोकांना अनुभवाने कळले आहे. वैशाखात आपण बैल कुठे उभे करतो ते आठवून पाहा.

हे सगळे ऐकून कोणाला वाटेल की ती माणसे जन्मतःच भूतदयेची पुतळी होती. मुळीच नाही. त्यांचा इतिहास रक्ताने माखलेला आहे, आणि तो त्यांनीच लिहून ठेवला आहे. नॉर्वेचा नान्सेन १८९५ साली योहान्सेन या सोबत्याबरोबर आपले जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे चालत निघाला. बरोबर अठ्ठावीस कुत्री. अन्न संपत गेले तसतसे दुबळे कुत्रे मारून इतरांना घालायचे, हा हिशेब निघण्यापूर्वीच केलेला होता. शेवटी दोन उरली, एकेकाचे एकेक. उघडे पाणी लागले, होडीत त्यांना जागा नव्हती. तेव्हा त्या दोघांनी कुत्री बदलून घेतली. नान्सेनने योहान्सेनचे कुत्रे मारले, योहान्सेनने नान्सेनचे. स्वतःच्या कुत्र्यावर गोळी झाडणे दोघांनाही जमले नाही.

त्याच देशाचा आमुन्सेन १९११ च्या ऑक्टोबरात बावन्न कुत्री घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाला, १४ डिसेंबरला पोहोचला, आणि जानेवारीअखेर तळावर परत आला तेव्हा अकरा कुत्री उरली होती. ध्रुव जिंकला हे खरे. पाचही माणसे सुखरूप परतली हेही खरे. शाळेच्या पुस्तकात मात्र बावन्न आणि अकरा हे आकडे नसतात. मी ते फळ्यावर लिहितो आणि वजाबाकी मुलांकडून करून घेतो.

आता याच कुत्र्यांची दुसरी बाजू सांगतो, आणि आपल्या ट्रस्टसारख्या संस्थेने ती ऐकावीच अशी आहे. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम या गावी मुलांना घटसर्प झाला. गळ्यात पडदा धरतो, श्वास कोंडतो, मूल डोळ्यांदेखत जाते. आपल्या आजी-पणजीच्या पिढीला हे नाव ऐकून कापरे भरत असे. गावात डॉक्टर एकच, कर्टिस वेल्च. जवळची प्रतिविषाची लस जुनी झालेली. बंदर गोठलेले, रस्ता नाही, रेल्वे नेनाना या ठाण्यापर्यंत, आणि तेथून नोम सुमारे १,०८५ किलोमीटर. काचेच्या कुप्यांत लस बांधून ती कुत्र्यांच्या गाड्यांनी पुढे पुढे द्यायची ठरली. वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्री. एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. २७ जानेवारीच्या रात्री पहिली गाडी सुटली आणि २ फेब्रुवारीच्या पहाटे लस नोमला पोहोचली. टपालाच्या गाडीला याच वाटेने तीन-चार आठवडे लागत. येथे साडेपाच दिवसांहून कमी लागले.

यात दोन नॉर्वेकर होते. लेओनार्ड सेपाला हा १८७७ साली नॉर्वेच्या उत्तर टोकाला जन्मलेला आणि सोन्याच्या आशेने अलास्काला गेलेला गडी. त्याच्या पुढच्या कुत्र्याचे नाव टोगो, वय बारा, म्हणजे माणसाच्या हिशेबाने आजोबाच. लस घ्यायला नोमहून निघून आणि ती घेऊन परतीच्या वाटेने सेपालाने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडले. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत धोक्याचा टप्पा त्याचा, गोठलेल्या समुद्राच्या खाडीवरून. शेवटचा टप्पा गुनार कासेनचा, तोही नॉर्वेचाच, आणि त्याच्या पुढे होता बाल्टो. गावात प्रथम बाल्टो शिरला म्हणून वर्तमानपत्रांत नाव बाल्टोचे झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बागेत त्याचा पुतळा उभा राहिला. टोगोच्या वाट्याला त्या वेळी फारसे काही आले नाही, आणि सेपालाच्या मनातून ते शल्य गेले नाही. वीस गाडीवानांपैकी कितीतरी जण तेथले मूळ रहिवासी होते. त्यांची नावे तर बराच काळ कोणी घेतलीही नाहीत. सार्वजनिक कामात असे होते. शेवटची वीट लावणाऱ्याचा फोटो निघतो.

पण बाल्टोचे पुढे काय झाले? गाडीच्या कुत्र्यांना गावोगाव दाखवत फिरवले, आणि शेवटी तो व त्याचे सहा सोबती लॉस एंजेलिसच्या एका स्वस्त तमाशाघरात साखळीने बांधलेले सापडले. क्लीव्हलंडच्या एका व्यापाऱ्याने ते पाहिले. दोन हजार डॉलर दिले तर कुत्री सोडतो, असे मालक म्हणाला. क्लीव्हलंडमध्ये वर्गणी सुरू झाली. शाळेतल्या मुलांनी नाणी आणली, कामगारांनी टोपी फिरवली, आणि थोड्याच दिवसांत रक्कम उभी राहिली. १९२७ च्या मार्चमध्ये ती सातही कुत्री त्या शहराच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचली. आपल्या ट्रस्टची पेटी घेऊन जी मुले दारोदार फिरतात त्यांनी हे लक्षात ठेवावे म्हणून मुद्दाम सांगितले.

आणि त्या कुप्यांत काय होते? घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष. सर्पदंशावर आज आपल्या इस्पितळात जे इंजेक्शन देतात तेही घोड्याच्याच रक्तापासून तयार होते. घोड्याने दिले, कुत्र्याने वाहिले, माणसाचे मूल वाचले. आज घटसर्पाची लस बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी मिळते, पुढे दीड-दोन वर्षांनी आणि पाचव्या-सहाव्या वर्षी पुन्हा. शेवटच्या दोन खेपांना आपल्याकडच्या आया कंटाळा करतात, हे मी शाळेतल्या नोंदींवरून सांगू शकतो. माता-भगिनींनी राग मानू नये.

शर्यती या सगळ्यानंतरही चालू राहिल्या. १९३२ साली अमेरिकेत लेक प्लॅसिड येथे हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा कुत्र्यांच्या गाडीची शर्यत प्रदर्शनादाखल ठेवली होती. कॅनडाचा सेंट गोडार्ड पहिला आला, सेपाला दुसरा, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास. नॉर्वेत १९८१ पासून फिनमार्क प्रांतात हजार किलोमीटरहून लांब शर्यत होते, आणि १९९० पासून रोरोस या जुन्या खाणीच्या गावाहून दुसरी. अलास्कातील इडिटारोड ही सर्वांत नामांकित शर्यत १९७३ साली सुरू झाली. ती लसीच्या धावेची आठवण म्हणून सुरू झाली असे पुष्कळ लोक सांगतात. ते बरोबर नाही. बर्फावर चालणाऱ्या मोटारी आल्या, गावांतून कुत्री नाहीशी होऊ लागली, ती टिकावीत म्हणून ती सुरू झाली. पहिल्याच वर्षी डझनाहून अधिक कुत्री मेली. लोकांनी ओरड केली, आणि ती रास्त होती. मग पशुवैद्य आले, एक चोवीस तासांची आणि दोन आठ-आठ तासांची सक्तीची विश्रांती आली. ओरड आजही थांबलेली नाही, आणि ती थांबू नये असे मला वाटते.

त्या शर्यतीतील एक चाल मला फार भावली. शर्यत सुरू झाली की नोमला शेवटच्या रेघेपाशी एक कंदील लावतात. जुन्या काळी गाडीवान वाटेत असला की धर्मशाळेबाहेर दिवा ठेवीत, तो पोहोचेपर्यंत विझवत नसत. त्याचीच ही आठवण. पहिल्याला बक्षीस मिळते, ढोल वाजतात, सगळे होते. पण कंदील जळतच राहतो. सर्वांत शेवटचा गाडीवान येतो, तेव्हा तो विझवतात, आणि त्या शेवटच्या माणसाला तांबड्या कंदिलाचा मान देतात. पहिल्या वर्षी तो माणूस बत्तीस दिवसांहून अधिक काळाने पोहोचला होता.

हरण्याचे दुःख मोठे असते, हे मी नाकारत नाही. पैगंबरसाहेबांची अदबा नावाची उंटीण कधी हरत नसे. एका रानातल्या अरबाच्या तरण्या उंटाने तिला मागे टाकले तेव्हा सोबतच्या मंडळींना फार वाईट वाटले. स्वतः पैगंबरांना वाटले नाही.

आता बैलांकडे वळतो. कायद्याची गोष्ट प्रथम, कारण ती थोडक्यात आटोपते. प्राण्यांवरील क्रूरतेचा कायदा १९६० चा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत दोन्ही बंद केल्या. बैल हा ओढकामाचा प्राणी, घोड्यासारखा पळण्यासाठी त्याचे शरीर घडलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणून खेड, आंबेगाव, जुन्नरकडचे घाट पुन्हा गजबजले आणि विदर्भातले शंकरपट पुन्हा भरू लागले. परंतु ती दुरुस्ती महाराष्ट्राची. आपण गोव्यात आहोत. आपल्याकडे धिरियोवर १९९६ साली उच्च न्यायालयाने बंदी घातली, तीही एका माणसाचा जीव गेल्यावर. तेव्हा सीमेपलीकडे दोडामार्गात काय चालते याचा दाखला येथे लागू पडत नाही, हे तरुण मंडळींनी समजून घ्यावे.

पण समजा, उद्या कायद्याने मोकळीक दिली. तरी माझे मत विचाराल तर मी नाहीच म्हणेन, आणि त्याचे कारण वेगळे आहे. बैल पळतो तो बहुधा मागच्या भयाने पळतो. खिळ्याची काठी, शेपटीचा चावा, विजेचा चटका. हे प्रकार घडत होते म्हणूनच महाराष्ट्राच्या नियमांत त्यांना मनाई करावी लागली. कुत्रे पुढच्या ओढीने पळते. तेथे माणसाला गाडी आकड्याने रोवून धरावी लागते, आणि येथे बैलाला हुसकावे लागते. दोहोंतला फरक यात आला. ज्यांनी बैल पोटच्या पोरासारखा सांभाळला असे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या बैलाला शर्यतीत काठी लागत नाही हेही मला ठाऊक आहे. त्यांचा मान राखून सांगतो, शर्यत अशा माणसांपुरती राहत नाही. पैजा आल्या, दूरच्या गावांचे मालक आले, की ज्याला त्याला काठी सुचते. तिथे पशुवैद्य उभा करण्याची, लंगडणारे जनावर बाजूला काढण्याची आणि ते काढणाऱ्याला शाबासकी देण्याची तयारी आपल्यात नाही.

तरुणांचा उत्साह मात्र मला फुकट घालवायचा नाही. मी समितीला असे सुचवले आहे की, समारोपाच्या दिवशी सकाळी पशुवैद्यांना बोलावून गावातील गुरांची तपासणी करावी आणि वाड्यावाड्यावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्यावी. आपले राज्य २०२१ साली रेबीज-नियंत्रित जाहीर झाले, ते लसीच्या जोरावर. ते टिकवायचे तर दरवर्षी टोचले पाहिजे. बैल सजवून ज्याला मिरवायचे त्याने मिरवावेत, सावकाश, वाजंत्री लावून. आणि धावायचे तर आपण धावावे. फेरीच्या धक्क्यापासून शाळेपर्यंत मुलांची, मोठ्यांची आणि पन्नाशी उलटलेल्यांची अशा तीन शर्यती. तिसऱ्या शर्यतीसाठी अध्यक्षमहाराजांचे नाव मी त्यांना न विचारता लिहून टाकले आहे. वेळ मोजणाऱ्या मंडळींनी पहिला आल्यावर टेबल उचलायचे नाही. सर्वांत शेवटचा मनुष्य पोहोचेपर्यंत बसून राहायचे. खर्चाचा अंदाज चिटणीसांकडे दिलेला आहे. त्यात एका कंदिलाची किंमत धरली आहे. ती कोणाला जास्त वाटत असेल तर आमच्या घरी एक जुना आहे, तो आणीन.